हिरव्या दोऱ्याच्या दोन गोळ्या

प्रिय विहीणबाई,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी मोठ्या होतात, तोवर सणासुदीला वाकले. आता नाही. तुम्ही अडुसष्टाला थांबलात, मी सत्त्याहत्तर पूर्ण केली. म्हणजे आता मी मोठी! नमस्कार तुम्ही करायचा.

पत्र लिहायला बसले ते पोटात दुखतंय म्हणून. गोळी घेऊन जाणारं दुखणं नव्हे. तुम्हाला ठाऊक आहे कसलं.

मंगळवारी आपली मिनू तिचं पुस्तक घेऊन घरी आली. निळा कापडी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, विटेएवढं जाड. पाच वर्षं त्या लॅबमध्ये जे काही केलं ते सगळं म्हणे त्यात आहे. ते लिहून झालं, मोठमोठ्या लोकांनी तासभर उलटसुलट विचारलं, की मग डॉक्टर म्हणतात. पेशंटला तपासणारी डॉक्टर नव्हे हो. पेशंटच्या आतल्या जंतूंना तपासणारी. तुमची नात, माझी नात, डॉक्टर! मी तिच्या तोंडात साखर घातली, पुस्तकाला हळदकुंकू लावलं. "अहो आई, डाग पडेल!" असं तुमची लेक ओरडली, तरी लावलंच. आणि मग कौतुकानं पहिलं पान उघडलं.

मी चौथी पास, तीही गुरुजींना दया आली म्हणून. इंग्रजी पान म्हणजे मला सांडलेली मोहरी. पण त्या पहिल्या पानाच्या मधोमध एकच शब्द होता आणि तो आपल्या अक्षरांत होता.

माईस.

झालं! एवढ्या जाडजूड पुस्तकात मला वाचता येणारा एकच शब्द, आणि तो तुमच्या नावाचा! पुस्तक माईला अर्पण!

मी पान उलटून मागं बघितलं. कोरं. म्हटलं, एखादं पान चिकटलं असेल, म्हणून नखानं सोडवून बघितलं.

"आजी, काय शोधतेस?" मिनू म्हणाली.

"काही नाही गं. कागद चांगलाय."

खरं सांगा विहीणबाई, हे बरं दिसतं का? पाच वर्षं रोज सकाळी तिचा डबा कुणी भरला? बाहेर उणे तीस असताना पोळी मऊ राहावी म्हणून दुधात कणीक कुणी भिजवली? जंतूंना ठरल्या वेळी खायला घालावं लागतं म्हणून ती ऐन दिवाळीत लॅबला पळायची, तेव्हा तिच्यामागं दारापर्यंत करंजी घेऊन कोण धावलं? तुम्ही? तुम्ही तर नऊ वर्षं हॉलमधल्या भिंतीवर बसून आहात, चंदनाचा हार घालून! मला हार नाही, कारण मी जिवंत. मला पान नाही, तेही बहुतेक त्याचमुळं.

तुम्ही म्हणाल, ही बाई मेलेल्या माणसावर जळते. जळते! लपवून काय करू? तुम्ही जिवंत होतात तेव्हाही जळतच होते.

आठवतं का, तुम्ही विनिपेगला आलात तो दिवस? मी आधी आले होते, सहा महिने. मला वाटलं होतं, लेकाचं घर, आपला मान. माझा सुहास आणि तुमची अर्चना तुम्हाला विमानतळावरून घेऊन आले. तुमच्या दोन बॅगा, त्यातली एक नुसती पुस्तकांची. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई! चष्मा, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये पेन. माझ्या बॅगेत काय होतं? बार्शीची ज्वारी, सांडगे आणि गोळ्यांचा डबा.

मला वरची खिडकीची खोली मिळाली, तुम्हाला बेसमेंटची. पहिल्या दिवशी मला केवढा आनंद झाला! मनात म्हटलं, बसा खाली. पण आठवडाभरात मिनू खालीच राहायला लागली. तेव्हा सहा वर्षांची होती. जेवायची वर, माझ्या हातचं, आणि हात धुतले की धडधड जिना उतरून तुमच्याकडं. खालून "कमळ, गवत, घर" असे आवाज यायचे. तुम्ही तिला शिकवायचात आणि मी वर भांडी घासत ऐकायचे. डिशवॉशर होता, तरी हातानं घासायचे, कारण त्या मशीनच्या आवाजात खालचं ऐकू यायचं नाही.

इथं जन्मलेली पोरगी मराठी वाचते ह्याचं इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना कौतुक. "बाईंनी शिकवलं!" तुम्हाला सगळे बाई म्हणायचे. मला काय म्हणायचे? "मिनूची आजी, जरा चहा बघता का?"

एक मात्र माझं होतं. माझा डबा. तो जुना बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणावर गुलाब. बार्शीला आमच्या घरासमोरच औषधाचं दुकान. इकडं यायच्या आधी तिथल्या अण्णांनी मला सगळं बांधून दिलं होतं, तापाचं, पोटाचं, दाताचं, खोकल्याचं. "वहिनी, परदेशात डॉक्टर लवकर भेटत नाही म्हणतात, असू द्या." पुढं गावी गेले की दर वेळी डबा भरून आणायचे. मला नावं वाचता येईनात, म्हणून मी प्रत्येक पाकिटाला शिवणकामाचा दोरा बांधला होता. लाल दोरा तापाचा, पिवळा पोटाचा, हिरवा दाताचा. गोळ्या अर्ध्या घ्यायच्या, बरं वाटलं की अर्ध्या ठेवायच्या. अन्न टाकवत नाही तिथं औषध कसं टाकवेल?

मंडळातल्या निम्म्या बायका माझ्याकडं यायच्या. "काकू, पिवळा दोरा आहे का हो?" मला केवढं बरं वाटायचं! तुमच्याकडं पुस्तकं मागायला कुणी यायचं नाही. डब्यासाठी सगळे यायचे. तुम्ही सोडून. तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "सरूबाई, असं मनानं औषध देऊ नये."

आणि मग त्या हिवाळ्यात तुम्ही जिना चढून वर आलात.

मिनू बारावीत होती. घरात कुणी नव्हतं. तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभ्या, एक हात चौकटीला. मी म्हटलं, "या की बाई, बसा." तुम्ही बसला नाहीत.

"सरूबाई, एक विचारायचं होतं. लघवीला फार जळजळ होतेय. चार दिवस झाले."

"अगं बाई! मग अर्चनाला सांगा. डॉक्टरकडं नेईल."

"तिची गाडी दुरुस्तीला आहे. न्यायचं म्हणजे सुहासराव नेणार. तिथं तो पुरुष डॉक्टर, आणि माझं इंग्रजी शाळेतलं, घाबरले की एक शब्द सुचत नाही. मग सांगणार कोण? जावई! जावयानं डॉक्टरला सांगायचं, माझ्या सासूला कुठं जळजळतं ते?" तुमचे कान लाल झाले होते. "मेले तरी बोलणार नाही मी."

मला हसू आलं होतं, कबूल करते. आणि त्याहून मोठं पाप कबूल करते. मला आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत बाई माझ्याकडं काहीतरी मागायला आल्या! मी पलंगाखालून डबा असा ओढून काढला, जशी काही तिजोरीच.

लघवीचा दोरा माझ्याकडं नव्हता. मी हिरवा काढला. माझी दाढ सुजली होती तेव्हाच्या दहापैकी पाच उरल्या होत्या. तुम्ही पाकीट उजेडात धरलंत, इंग्रजी नाव वाचलंत आणि म्हणालात, "अँटिबायोटिकच आहे. चालेल बहुतेक."

बघा हं. वाचता येणारीनंही चालेल म्हटलं, न येणारीनंही चालेल म्हटलं. आपल्या दोघींचं एकमत आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

"जंतू म्हणजे जंतू," मी म्हटलं होतं. "दाताचा काय आणि तिथला काय!"

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा वर आलात. चेहरा उजळलेला. "उतार पडला हो. तीनच घेतल्या. ह्या दोन ठेवा, वाया कशाला घालवायच्या!" आणि पाकीट परत दिलंत, वर हिरवा दोरा जसाच्या तसा गुंडाळून. तुमचं सगळं टापटीप!

मग म्हणालात, "अर्चनाला कळू देऊ नका. शपथ."

मी शपथ घेतली. आता आपलं दोघींचं गुपित झालं, ह्याचंच मला अप्रूप.

महिन्यानं पुन्हा आलात. त्या वेळी पिवळा दोरा दिला. पुन्हा दोन दिवसांत बरं वाटलं. आणि बर्फ वितळायला लागला त्या आठवड्यात तुम्हाला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, मिनूला तुम्ही शाळेतल्या कुठल्या मुलीच्या नावानं हाक मारलीत, आणि सुहासनं अँब्युलन्स बोलावली.

आता जे लिहायचंय ते तुम्हाला आवडणार नाही. पण लिहिते.

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी तुम्ही शुद्धीवर आला होतात. एक तरुण डॉक्टरीण आली, हातात कागद. तिनं अर्चनाला खूप काही विचारलं. मी कोपऱ्यात खुर्चीवर. मला इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना माहीत. पण एक शब्द मला येत होता. अँटिबायोटिक. ती म्हणाली तो. विचारत होती, हल्ली काही घेतलं का?

अर्चना म्हणाली, "नो, नो. माई कधीच मनानं काही घेत नाही."

मी उठले. अर्धी उठले बघा, गुडघ्यावर हात टेकून. आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तोंडानं नाही, नुसत्या डोळ्यांनी. शाळेत पोरांना गप्प करायचात ना, तसं. मी बसले.

का गप्प केलंत मला, विहीणबाई? पलंगाजवळ जावई उभा होता म्हणून? आणि मी तरी का ऐकलं तुमचं? बाकी कधी ऐकत होते? तुम्ही म्हणायचात आमटीत गूळ कमी घाला, तो मी मुद्दाम जास्त घालायचे! नेमकं त्या दिवशीच का शहाण्यासारखी वागले?

एक औषध लावलं, दोन दिवस गेले, काही नाही. दुसरं लावलं. मग लॅबचा रिपोर्ट आला की तुमच्यातला जंतू ह्या दोन्हींना जुमानत नाही. तिसरं लावलं तोवर किडन्या दमल्या होत्या. अकरा दिवस. तुम्ही गेलात आणि घरी पाटावर बसून मिनूनं बापाला विचारलं, "एवढी औषधं होती, मग एक पण का वर्क झालं नाही?" मला उत्तर येत होतं की काय, ह्याच भीतीनं मी स्वयंपाकघरात गेले.

त्या पोरीला दाताची डॉक्टर व्हायचं होतं. ते सोडून ती जंतूंच्या मागं लागली. सगळे म्हणतात, माईमुळं. मला दर वेळी हेवा वाटायचा आणि दर वेळी तो हिरवा दोरा आठवायचा. दोन्ही एकदम. असं कधी झालंय तुम्हाला? जेवताना उचकी लागावी तसं असतं ते.

बरं, ती नेमकं काय करते ते तुम्हाला कळलेलं नाही, मला कळलंय! हे मात्र माझ्याकडं जास्तीचं आहे. तिनं मला खाली नेऊन दाखवलं, तुमच्याच खोलीशेजारी. आपल्या बेसमेंटचा तो खड्ड्यातला सम्प पंप आठवतो ना? बर्फ वितळला, जमिनीत पाणी चढलं की घुर्रकन सुरू होतो आणि सगळं पाणी बाहेर फेकतो. तुमची झोप मोडायची त्यानं. तर मिनू म्हणाली, "आजी, काही जंतूंच्या अंगात असाच पंप असतो. आपण औषध आत घालतो, तो बाहेर फेकतो. माझं काम काय, तर तो पंप जॅम करायचा. मग जुनंच औषध आत राहतं आणि जंतू मरतो."

"म्हणजे पंपात बोळा कोंबायचा," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!" अशी ओरडली आणि मला मिठी मारली. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं म्हणे तिनं. विहीणबाई, तुम्ही तिला बाराखडी शिकवलीत, पण बोळा माझा आहे!

अजून बोळा पूर्ण बसलेला नाही हं. काचेच्या ताटलीत बसतो, उंदरात थोडा बसतो, माणसात बसायला अजून बरीच वर्षं लागतील म्हणते. लागू देत. पोरगी चिवट आहे. ते माझ्याकडून आलंय.

तर मंगळवारी ते पुस्तक आलं. जेवणं झाल्यावर अर्चना त्यातलं सुरुवातीचं पान मोठ्यानं मराठी करून वाचायला लागली. मिनूनं लिहिलं होतं, माझी आजी, जिला मी माई म्हणायचे, फार शिस्तीची होती. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय तिनं जन्मात एक गोळी घेतली नाही. तरीही तिला असा जंतू झाला, ज्यापुढं औषधं चालली नाहीत.

अर्चनाचे डोळे भरले. सुहासनं चष्मा पुसला. मी लोणच्याची बरणी उचलून आत गेले, लोणचं कुणाला नको असताना.

मिनू मागून म्हणाली, "आजी, नेक्स्ट संडेला मी मंडळात टॉक देतेय. सगळे आजी-आजोबा इंडियातून गोळ्या आणतात ना, त्यांना समजवायचंय. माईची स्टोरी सांगून स्टार्ट करणार."

आता काय करू? बाई कधी गोळी घेत नव्हत्या असं पोर भरसभेत सांगणार, आणि समोर निम्म्या बायका माझ्या पिवळ्या दोऱ्याच्या! तिनं पाच वर्षं खरं शोधण्यात घालवली आणि सुरुवातीलाच खोटं, तेही माझ्यामुळं.

सांगितलं तर? माझ्याजवळ एकच तर नात आहे. तीच दुरावली तर मी करू काय?

म्हणून मी भित्र्यासारखं ठरवलं की डबाच नाहीसा करायचा. बुधवारी सकाळी सगळे कामाला गेल्यावर डबा घेऊन वॉशरूममध्ये गेले, दोरे सोडायला लागले. एक लाल पाकीट सोलून गोळ्या भांड्यात टाकणार, इतक्यात मिनूचंच बोलणं आठवलं. औषधं फ्लश करायची नसतात, म्हणे. गटारात पण जंतू असतात, ते त्या पाण्यात पोहत-पोहत शिकतात. म्हटलं, घ्या! मी एकीच्या जंतूंना शिकवून सोडलं, आता सगळ्या विनिपेगच्या जंतूंची शाळा काढते की काय?

तशीच बसून राहिले, मांडीवर डबा. दार लोटलेलं. आणि मिनू मोबाइलचा चार्जर विसरली म्हणून परत आली होती.

"आजी? आर यू ओके?" दारातून डोकावली. "ते काय आहे?"

मला खोटं सुचलं असतं हो. मी खोटं बोलण्यात कच्ची नाही. पण मांडीवर हिरव्या दोऱ्याचं पाकीट होतं, दोन गोळ्यांचं. नऊ वर्षं मी ते टाकलं नव्हतं. का टाकलं नव्हतं, तुम्ही सांगा. तुमच्या हातानं गुंडाळलेला दोरा होता तो.

मी सगळं सांगितलं. जिना, जावई, दाढ, पिवळा दोरा, शपथ. हॉस्पिटलातला तो शब्द. तुमचे डोळे. काही ठेवलं नाही.

मिनू बाथटबच्या कडेवर बसली. पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग एकच विचारलं, "तुला तो वर्ड कळला होता?"

"कळला होता."

ती उठली आणि गेली. चार्जर राहिला तो राहिलाच.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवणाचा डबा भरून ठेवला तर नेला नाही. घरात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिनंही नाही. विहीणबाई, त्या दोन दिवसांत मला तुमचा खरा हेवा वाटला. तुमच्यावर कुणी रागावत नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमची सगळी पाटी कोरी झाली!

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. पलंगावर पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

"लिसन, आजी. मी विचार केला. माईच्या आत ते जंतू आधीपासूनच असतील. इंडियातून आले असतील, कुठूनही. तुझ्या गोळ्यांमुळंच झालं असं कुणी प्रूव्ह करू शकणार नाही. मी पण नाही."

मी श्वास सोडला.

"आणि नाही झालं, असंही प्रूव्ह करू शकणार नाही." पोरगी तुमच्यासारखी आहे, अर्धं सोडत नाही. "गोळ्या किती दिवस घ्यायच्या ह्यावर डॉक्टर लोक अजून भांडतात. पण दुसऱ्याच्या, दुसऱ्या कशाच्या, टेस्ट न करता? नो. आणि गोळ्यांपेक्षा मला ते गप्प बसणं जास्त लागलं. डॉक्टरला माहीत असतं तर तिनं पहिल्या दिवशी कदाचित वेगळं औषध निवडलं असतं. मेबी. आय डोंट नो. मला कधीच कळणार नाही."

"माझंच चुकलं," मी म्हटलं.

"तुझं एकटीचं नाही!" असा आवाज चढवला! "माई टीचर होती! तिला वाचता येत होतं! बाबांची लाज? बाबांची? हू केअर्स! तिनं असं का केलं? मला सोडून जायचं होतं का तिला?" आणि ढसाढसा रडली.

मी तिला कुशीत घेतलं. आता खरं लिहू का? तुम्हाला राग येईल, येऊ दे. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमच्यावर रागावलं, आणि माझ्या मनात कुठंतरी एक दिवा लागला. लगेच लाजही वाटली. पण लागला होता, ते कशाला नाकारू? पोरगी आपल्या दोघींवर सारखीच चिडली होती. पहिल्यांदाच आपण दोघी एका पंगतीला बसलो.

मग तिनं डोळे पुसले, पेन्सिल आणली, पुस्तक उघडलं. ती ओळ शोधली, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय गोळी घेतली नाही ही, आणि खोडली. कॉम्प्युटरवर आहे तिथंही बदलायला अर्ज करणार म्हणाली. छापलंय तरी बदलायचं, कारण खरं नाही. मग तिनं उलटून पहिलं पान काढलं. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. म्हटलं, आता काहीतरी होईल. निदान शेजारी एखादा शब्द!

काही नाही. माईस ते माईस. पेन्सिल तिथं टेकलीसुद्धा नाही.

धन्य आहात. चूक करून, खोटं ठरून, रडवून, तरी पान तुमचंच.

जाताना दारात थांबून म्हणाली, "संडेला मी बोलणार नाही. तू बोलशील?"

"मी? भाषण? मला चहा बघायला सांगतात गं तिथं."

"चहा बाबा बघतील. तू डबा घेऊन उभी राहा. जे मला सांगितलंस तेच सांग. माझं ऐकून ते टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन गोळ्या खातील. तुझं ऐकतील."

विहीणबाई, तुम्हाला तीस वर्षं शिकवून एवढा मोठा वर्ग मिळाला होता का? शंभर खुर्च्या मांडणार आहेत!

उद्या रविवार. अर्चना-सुहासला आज दुपारी सांगितलं, कारण त्यांना सभेत कळायला नको. अर्चना खाली तुमच्या खोलीत जाऊन बसली. तासाभरानं वर आली, माझ्याजवळ बसून मटार सोलायला लागली. शेंगा संपल्यावर म्हणाली, "माई मला का नाही बोलली हो?" सुहास तेवढा म्हणाला, "मी नेलं असतं. मान खाली घालून बसलो असतो गाडीत, पण नेलं असतं." तुम्हाला हे कळायला हवं म्हणून लिहिलं. तो नेणार होता हो.

तेव्हा आता माझा शब्द घ्या.

मी उद्या सगळं सांगणार, माझं आधी आणि मग तुमचं. तुम्हाला वाचवणार नाही. कान लाल झाले होते तेही सांगणार. बायांनो, जावयाला सांगा, लेकाला सांगा, शेजाऱ्याला सांगा, कुठं जळतंय ते मोठ्यानं सांगा, असं म्हणणार. माझं स्वतःचं काही दुखलं तर मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडेन. कुणी डॉक्टर मला कळणारा एक शब्द जरी बोलला, तरी मी उठेन. अर्धी नाही, पूर्ण.

मिनू सोमवारी डबा फार्मसीत देणार आहे. तिथं जुनी औषधं परत घेतात, नीट जाळतात. गोळ्या सगळ्या जातील. त्या दोनसुद्धा.

हिरवा दोरा मात्र मी देणार नाही. तो मी आत्ताच सोडवून घेतलाय. तुमची गाठ होती, सुटायला वेळ लागला. तो मिनूच्या पुस्तकात खूण म्हणून घातलाय, पहिल्या पानावर, तुमच्या नावाला अगदी लागून. आता कुणीही ते पुस्तक उघडलं की आधी माझा दोरा दिसणार, आणि मग तुम्ही.

तेवढं चालवून घ्या.

तुमच्यावर अजून जळणारी,
मिनूची दुसरी आजी,
सरू